खडकातील प्रक्षेप : जलतापीय विद्राव आणि पुराचुंबकीय पुराव्याच्या चिकित्सेचा इतिहास

प्रास्ताविक

इतिहासाच्या अभ्यासकाला साधनचिकित्सा नवी नाही. हाती आलेला कागद अस्सल आहे की नक्कल, त्यावरचा शिक्का त्याच काळातला आहे काय, मजकुरात मागाहून कोणी काही घातले आहे काय, हे प्रश्न विचारल्यावाचून कोणताही कागद पुरावा म्हणून पुढे ठेवता येत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे जे कार्य चालले, त्यातील श्रमांचा मोठा वाटा प्रक्षेप ओळखण्यात खर्ची पडला. प्रक्षेप ओळखणे अवघड जाते याचे कारण असे की, पुष्कळदा तो मूळ पाठाइतकाच नीटस आणि सुसंगत असतो.

भूशास्त्राच्या एका शाखेला, म्हणजे पुराचुंबकत्वाला, नेमक्या याच अडचणीशी गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे झगडावे लागले आहे. तेथे कागदाच्या जागी खडक आहे, मजकुराच्या जागी खडकातील चुंबकत्वाची दिशा आहे, आणि मागाहून मजकूर घालणारा हात आहे तो जमिनीखालून वाहणाऱ्या, खनिजद्रव्ये विरघळलेल्या तप्त पाण्याचा. भूशास्त्राच्या परिभाषेत या पाण्याला जलतापीय विद्राव म्हणतात. या विद्रावांनी प्राचीन खडकांतील चुंबकीय नोंद कशी बदलली, तो बदल अभ्यासकांच्या ध्यानात केव्हा व कसा आला, आणि तो ध्यानात येण्यापूर्वी कोणते निष्कर्ष काढले गेले होते, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे. प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक आहे, भूशास्त्राचा नव्हे. त्यामुळे येथे भर आहे तो गणितावर नसून पुरावा तपासण्याच्या पद्धतीवर.

खडक दिशा कशी लक्षात ठेवतो

लाव्हा थंड होऊन त्याचा बेसाल्ट बनतो तेव्हा त्यातील लोहयुक्त खनिजांचे सूक्ष्म कण एका ठरावीक तापमानाखाली उतरले की त्या वेळच्या व त्या स्थळाच्या भूचुंबकीय क्षेत्राची दिशा धारण करतात. मॅग्नेटाइटच्या बाबतीत हे तापमान सुमारे ५८० अंश सेल्सिअस, तर हेमटाइटच्या बाबतीत सुमारे ६७५ अंश आहे. एकदा धारण केलेली दिशा कोट्यवधी वर्षे टिकू शकते. विषुववृत्तावर भूचुंबकीय क्षेत्र आडवे असते, ध्रुवाकडे जावे तसे ते अधिकाधिक कलते, आणि या कलावरून खडक कोणत्या अक्षांशावर तयार झाला हे काढता येते. भूखंडे सरकली काय, किती सरकली, कोणत्या काळात सरकली, या प्रश्नांना संख्येत उत्तर देण्याचे सामर्थ्य त्यामुळे या शाखेला लाभले.

फ्रान्समधील बर्नार ब्रूनेस यांनी १९०६ मध्ये लाव्ह्याखाली भाजलेल्या चिकणमातीत आजच्या क्षेत्राच्या उलट दिशेचे चुंबकत्व दाखवले. जपानमध्ये मोटोनोरी मात्सुयामा यांनी १९२९ मध्ये अशाच उलट्या दिशांची कालक्रमाने मांडणी केली. परंतु या शाखेला पद्धतशास्त्र दिले ते अमेरिकेतील जॉन ग्रॅहॅम यांनी. १९४९ च्या आपल्या निबंधात त्यांनी दोन कसोट्या मांडल्या. पहिली वलीची. थर आडवे असताना चुंबकत्व मिळाले असेल आणि नंतर त्यांना वळ्या पडल्या असतील, तर वळीच्या दोन बाजूंवरील दिशा एकमेकींशी जुळणार नाहीत, पण कागदावर थर पुन्हा सपाट केले की त्या जुळतील. दुसरी कसोटी गोट्यांची. जुन्या खडकाचे गोटे वाहत येऊन नव्या थरात रुतले असतील आणि त्यांचे चुंबकत्व जुनेच असेल, तर प्रत्येक गोट्याची दिशा वेगळी असली पाहिजे. सर्व गोटे एकाच दिशेने बोलू लागले तर समजावे की साक्षीदारांना कोणीतरी पढवले आहे.

त्याच वर्षी लुई नील यांनी अतिसूक्ष्म कणांच्या चुंबकत्वाचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. कण किती आकाराचा असला म्हणजे किती काळ दिशा टिकवून धरील, हे त्यावरून काढता येऊ लागले. या सिद्धान्तातच पुढील सगळ्या तंट्याचे बीज होते, याची जाणीव मात्र फार उशिरा झाली.

महाराष्ट्रातील वाचकाला या टप्प्याचे आणखी एक कारणाने अगत्य वाटावे. पी. एम. एस. ब्लॅकेट यांच्या लंडनमधील गटातील क्लेग, डॉइश व ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या बेसाल्टवरील आपले निष्कर्ष १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. तो लाव्हा दक्षिण गोलार्धात थंड झाला होता असे त्यांतून दिसत होते. लगोलग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सी. राधाकृष्णमूर्ति व पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी या गटाबरोबर राजमहाल व दख्खन येथील लाव्ह्यांवर संशोधन केले आणि त्यांचे संयुक्त निबंध १९५८ पासून येऊ लागले. भूपट्टांच्या उपपत्तीचा स्वीकार होण्यास अजून दहा वर्षे अवकाश होता. अशा वेळी खंडविप्लवाच्या बाजूने पडलेल्या मोजक्या भक्कम पुराव्यांत सह्याद्रीचा काळा दगड होता, ही गोष्ट आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितली जाते.

स्थैर्य म्हणजे प्राचीनत्व नव्हे

१९५० च्या दशकाअखेरीस चुंबकीय शुद्धीकरणाची तंत्रे रूढ झाली. नमुना टप्प्याटप्प्याने तापवावयाचा किंवा त्याला प्रत्यावर्ती क्षेत्रात ठेवावयाचे, म्हणजे वरवरचे, अलीकडचे व दुबळे चुंबकत्व निघून जाते आणि आतले बळकट चुंबकत्व उरते. उरलेले ते मूळ, असा एक सोयीचा समज त्याबरोबर रूढ झाला. जे सहज पुसले जाते ते नवे आणि जे पुसता पुसत नाही ते जुने, हा समज लाव्ह्याच्या बाबतीत बहुधा खरा ठरत असे. म्हणूनच तो इतरत्रही निःशंकपणे लावला गेला.

जलतापीय विद्राव या समजाला नेमका कसा छेद देतात हे समजून घेतले पाहिजे. खडकाच्या भेगांतून व छिद्रांतून तप्त पाणी वाहू लागले की तीन गोष्टी संभवतात. पाणी अतितप्त, आम्लधर्मी व गंधकयुक्त असेल तर ते मूळची चुंबकीय खनिजे नष्ट करते. अटलांटिक महासागराच्या मध्यभागी, सुमारे २६ अंश उत्तर अक्षांशावर, टॅग नावाचे उष्णजलीय क्षेत्र आहे. तेथील गंधकी खनिजांच्या टेकाडाखाली समुद्रकवचाचे चुंबकत्व लक्षणीयरीत्या कमी असल्याचे १९९३ मध्ये दाखवण्यात आले, ते याच कारणाने. दुसऱ्या प्रकारात मूळ खनिजाचे रूपांतर होते. तिसरा प्रकार मात्र सर्वांत फसवा आहे. त्यात पाणी नवे मॅग्नेटाइट किंवा हेमटाइट घडवते. असा नवा कण अगदी लहान असताना त्याला दिशा टिकवता येत नाही. वाढत वाढत तो एका विशिष्ट आकाराला पोहोचला की त्या क्षणीच्या क्षेत्राची दिशा त्यात कायमची अडकते. यासाठी ५८० अंशांची गरज नाही. शंभर-दीडशे अंशांवर, म्हणजे खडकाच्या दृष्टीने जेमतेम कोमट अवस्थेत, हे घडू शकते. परंतु एकदा घडलेला कण मॅग्नेटाइटच असल्यामुळे प्रयोगशाळेत त्याचे चुंबकत्व घालवण्यास पुन्हा पाचशे अंशांच्या पुढे जावे लागते.

याचा अर्थ असा की शुद्धीकरणाच्या भट्टीत मूळ पाठ आणि प्रक्षेप दोन्ही सारखेच टिकतात. इतकेच नव्हे, तर मूळ नोंद दुबळी असेल तर ती आधी निघून जाते आणि भट्टीतून तावून सुलाखून निघतो तो प्रक्षेप.

दोन हजार किलोमीटरांची कथा

ही शक्यता तत्त्वतः ठाऊक असणे आणि तिचा फटका बसणे यांत अंतर असते. तो फटका बसला उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपालेचियन पर्वताच्या अभ्यासात.

१९७८ मध्ये डेनिस केंट व नील ऑपडाइक यांनी या पर्वतप्रदेशातील कॅट्सकिल नावाच्या डेव्होनियन काळातील तांबड्या थरांवर एक निबंध प्रसिद्ध केला. खंडाच्या स्थिर गाभ्याकडील खडकांतून मिळणारे प्राचीन अक्षांश आणि न्यू इंग्लंड व कॅनडाच्या किनारपट्टीवरील, म्हणजे ज्याला ‘अकेडिया’ म्हटले जाई त्या प्रदेशातील खडकांतून मिळणारे अक्षांश यांची त्यांनी तुलना केली. दोन्ही जुळत नव्हते. गाभा विषुववृत्तालगत दिसत होता आणि किनारपट्टी बरीच दक्षिणेला. निष्कर्ष उघड होता. अकेडिया हा स्वतंत्र तुकडा होता आणि तो पुढे कार्बॉनिफेरस काळात उत्तरेकडे सरकत येऊन आजच्या जागी बसला. १९८१ मध्ये मिशिगन विद्यापीठातील रॉब व्हान डर व्हू व ख्रिस्तोफर स्कोटीझ यांनी हाच विचार अटलांटिकपलीकडे नेला. स्कॉटलंडचे दोन भाग करणाऱ्या ग्रेट ग्लेन विभंगावर कार्बॉनिफेरस काळात सुमारे २,००० किलोमीटर सरकणे झाले, असे त्यांनी मांडले.

दोन हजार किलोमीटर म्हणजे काश्मीरचा तुकडा कर्नाटकात धरण्यासारखे आहे. स्कॉटलंडच्या डोंगरांत आयुष्य घालवलेल्या भूशास्त्रज्ञांना हे मानवले नाही. विभंगाच्या दोन्ही अंगांचे खडक त्यांच्या पायाखालचे होते आणि एवढ्या प्रचंड हालचालीची खूण त्यांना तेथे दिसत नव्हती. पण संख्येपुढे क्षेत्रानुभवाचे वजन कमी पडते, हा अनुभव इतिहासाच्या क्षेत्रालाही आहे. पुराचुंबकत्वाने भूपट्टांच्या उपपत्तीचा विजय नुकताच पाहिला होता. त्या उपपत्तीच्या विरोधकांना तरी पूर्वी क्षेत्रानुभवाचाच आधार होता. तेव्हा या वेळीही यंत्रच बरोबर असणार, असे वाटणे स्वाभाविक होते.

तीन-चार वर्षांतच हा डोलारा कोसळला, आणि येथे नोंदवण्याजोगी गोष्ट अशी की तो बाहेरच्या टीकेपेक्षा आतल्या तपासणीने अधिक कोसळला. १९८४ मध्ये आयर्व्हिंग व स्ट्राँग यांनी पश्चिम न्यूफाउंडलंडमधील डीअर लेक थरांचा अभ्यास मांडला. हे थर गाभ्याच्या बाजूचे. त्यांतून मिळालेले प्रारंभिक कार्बॉनिफेरस काळातील अक्षांश अकेडियाशी तंतोतंत मिळतेजुळते निघाले. १९८५ मध्ये खुद्द केंट व ऑपडाइक यांनीच पेनसिल्व्हेनियाकडील मॉक चंक थरांत दोन वेगवेगळी चुंबकत्वे एकावर एक बसलेली असल्याचे दाखवले. वरचे चुंबकत्व उशिराचे होते. ते दूर केल्यावर खाली, वळ्या पडण्यापूर्वीचे, जे उरले ते गाभ्यालाही दक्षिणेकडे नेत होते. थोडक्यात, अकेडिया गाभ्यापासून दूर नव्हतेच. चूक किनारपट्टीच्या मापनात नव्हती, ती ज्याच्याशी तुलना केली त्या संदर्भात होती. गाभ्याचे जे अक्षांश डेव्होनियन म्हणून वापरले गेले, ते प्रत्यक्षात कार्बॉनिफेरसच्या अखेरीस व पर्मियनमध्ये त्या खडकांवर नव्याने लिहिले गेलेले होते.

आज मागे वळून पाहताना एक खूण आधीच डोळ्यांसमोर होती असे म्हणावे लागते. कार्बॉनिफेरसच्या उत्तरार्धापासून पर्मियनपर्यंत सुमारे ५ कोटी वर्षे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सतत उलट्या दिशेचे होते. ऑस्ट्रेलियातील कियामा गावावरून या कालखंडाला कियामन म्हणतात. सिल्युरियन व डेव्होनियन खडकांच्या जाड थरांत क्षेत्राची उलटसुलट दिशा आलटून पालटून दिसावयास हवी होती. ठिकठिकाणच्या या खडकांत मात्र पुन्हा पुन्हा एकच, उलटी दिशा मिळत होती. वेगवेगळ्या शतकांचे म्हणून आलेले कागद एकाच वळणाच्या अक्षरात असावेत, तसाच हा प्रकार होता. एकसारखेपणा हा विश्वासार्हतेचा पुरावा मानला गेला, संशयाचे कारण मानला गेला नाही.

लिहिणारा हात

खडकांवर नवे चुंबकत्व लिहिले गेले हे सिद्ध झाल्यावर प्रश्न उरला तो कोणी लिहिले हा. पहिला संशय उष्णतेवर होता. खडक खोल गाडले गेले, दीर्घकाळ तापले आणि त्यांची जुनी दिशा पुसली गेली असे झाले असेल काय? याचे उत्तर देण्याचे साधन १९७५ मध्येच तयार झाले होते. पुल्लय्या, आयर्व्हिंग, बुकन व डनलॉप यांनी नीलच्या सिद्धान्तावरून असा आलेख बांधला होता की, अमुक तापमानाला अमुक लाख वर्षे ठेवल्यास प्रयोगशाळेतील किती अंशांपर्यंतचे चुंबकत्व पुसले जाईल, हे त्यावरून वाचता यावे. आता न्यूयॉर्क राज्यातील चुनखडक किती तापले होते हे त्यांतील कोनोडाँट नामक सूक्ष्म जीवाश्मांच्या रंगावरून कळत होते. हे जीवाश्म तापले की पिवळट रंगावरून तपकिरी व काळ्या रंगाकडे जातात. दोन्हींची सांगड घातली तेव्हा दिसले की नुसत्या उष्णतेने एवढे बळकट चुंबकत्व पुसले जाणे शक्य नव्हते. म्हणजे जुना कण तापला नव्हता, नवा कण जन्मला होता.

तो कण प्रत्यक्ष पाहण्याचे काम मिशिगनमध्येच झाले. स्कोटीझ, व्हान डर व्हू व मॅककेब यांनी १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या चुनखडकांतील चुंबकत्व दुय्यम असून ते मॅग्नेटाइटमध्ये आहे असे दाखवले. १९८३ मध्ये मॅककेब व सहकाऱ्यांनी हे कण खडकातून वेगळे करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. लाव्ह्यातून आलेल्या मॅग्नेटाइटला स्फटिकाच्या धारदार कडा असतात आणि त्यात टायटॅनियमही असते. येथे दिसले ते गोलाकार, द्राक्षाच्या घडासारखे, जवळजवळ शुद्ध लोहाच्या ऑक्साइडचे कण. असे कण गाळाबरोबर वाहत येणे शक्य नव्हते, ते खडकातच वाढले होते. १९९० मध्ये सुक, पीकर व व्हान डर व्हू यांनी अशा चुनखडकांत पायराइटच्या गोळ्यांची जागा मॅग्नेटाइटने घेतल्याचेही दाखवले. प्रस्तुत लेखकाला या सगळ्या प्रकरणात सर्वांत लक्षणीय वाटते ती एक साधी गोष्ट. १९८१ मधील २,००० किलोमीटरांच्या दाव्याचे दोन्ही लेखक, दोनच वर्षांत, त्या दाव्याखालची जमीन काढून घेणाऱ्या या दोन्ही निबंधांचेही सहलेखक होते. आपल्या विद्याक्षेत्रात असे किती वेळा घडते, हे ज्याचे त्याने पाहावे.

मग हे पाणी आले कोठून? १९८६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील जॅक ऑलिव्हर यांनी याला एक मोठी चौकट दिली. आफ्रिकेची बाजू उत्तर अमेरिकेवर येऊन आदळली आणि ॲपालेचियन पर्वत उंचावला, तेव्हा किनाऱ्याकडील गाळाचे थर एकमेकांवर रेटले गेले. रबरी पट्टी लावून फरशीवरचे पाणी पुढे ढकलावे, तसे त्या थरांतील उष्ण, क्षारयुक्त पाणी खंडाच्या आतल्या भागाकडे शेकडो किलोमीटर ढकलले गेले. जाता जाता त्याने खनिज तेल हलवले, शिसे व जस्ताची खनिजे साठवली आणि खडकांत मॅग्नेटाइट वाढवले. मिसूरी राज्यातील शिशाच्या खाणींतील खडकांचे पुराचुंबकीय वय १९८१ मध्येच पर्मियनच्या आसपास काढले गेले होते. तेही या चौकटीत बसले. चाद मॅककेब व डग्लस एल्मोर यांनी १९८९ मध्ये लिहिलेल्या विस्तृत समालोचनाने उत्तर अमेरिकेतील हे पुनर्चुंबकन हा या शाखेतील एक प्रस्थापित विषय झाला.

तथापि ऑलिव्हर यांची कल्पना इतकी सुबक होती की तिचाही मोह पडू लागला, आणि जेथे पुनर्चुंबकन तेथे दुरून आलेले पाणी असे समीकरण होऊ पाहत होते. ते मोडले फ्रान्सच्या आग्नेय भागातील व्होकाँशियन खोऱ्यात. तेथे कात्झ, एल्मोर व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले की थर खोल गाडले जाऊन त्यांतील चिकणमातीच्या खनिजांचे रूपांतर होत असताना जे लोह सुटे होते, तेही मॅग्नेटाइट वाढवू शकते. त्यासाठी बाहेरच्या पाण्याची गरज नाही. बाहेरून आलेले पाणी की आतलीच रासायनिक घडामोड, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक स्थळी नव्याने विचारावा लागतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ॲपालेचियन प्रदेशापुरते ऑलिव्हर यांचे म्हणणे शिसे-जस्ताच्या खाणींच्या वयामुळे बळकट राहते. पण सर्व चुनखडकांना तेच लागू करणे म्हणजे एका बखरीतला प्रसंग सगळ्या बखरींत शोधण्यासारखे होईल.

दख्खनच्या खडकातील पाणी

या ठिकाणी आपल्या पायाखालच्या दगडाविषयी शंका यावी हे साहजिक आहे. विद्यार्थ्यांना घेऊन घाटातील रस्त्याच्या कडेचा कापलेला खडक दाखवताना एका विद्यार्थिनीने पोकळीतील पांढऱ्या, चकाकणाऱ्या स्फटिकांकडे बोट दाखवून ‘सर, हे लाव्ह्याबरोबरच आले का?’ असे विचारले होते. ते लाव्ह्याबरोबर आलेले नव्हते. पुणे, नाशिक, जळगाव परिसरातील ज्या झिओलाइट व ॲपोफिलाइट स्फटिकांनी जगभरची संग्रहालये सजली आहेत, ते सर्व लाव्हा थिजल्यानंतर त्यातील पोकळ्यांतून फिरलेल्या उष्ण पाण्याचे काम आहे. पोकळीच्या भिंतीवरचा हिरवा लेप हीदेखील त्याच पाण्याची खूण.

मग दख्खनच्या चुंबकीय नोंदीवर विश्वास का ठेवावा? एक तर नमुने घेणारे अभ्यासक पोकळ्यांनी भरलेला भाग टाळून प्रवाहाच्या घट्ट, ताज्या गाभ्यातून नमुने घेतात. दुसरे कारण अधिक वजनाचे आहे. वेनसिंक व क्लूटवाइक यांनी १९७१ मध्ये पुण्याजवळील सह्याद्रीत, आणि पुढे व्हँडम, कूर्तियो व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये नागपूर ते मुंबई या पट्ट्यात केलेल्या अभ्यासांत सह्याद्रीच्या बहुतेक थरांत उलटी व वरच्या थरांत सुलटी दिशा सापडते, आणि या दोन दिशा एकमेकींच्या बऱ्याच अंशी विरुद्ध आहेत. सर्व थरांवर नंतरच्या पाण्याने एकदमच लिहिले असते तर त्यांचे अक्षर एकच झाले असते. खालच्या व वरच्या थरांचा हा भेद टिकून राहणे हाच मूळ पाठ बऱ्याच प्रमाणात शाबूत असल्याचा पुरावा आहे. कियामनच्या उदाहरणात जो एकसारखेपणा संशयास्पद ठरला, त्याचीच ही दुसरी बाजू होय.

सर्वांत जुना साक्षीदार

दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे या हिशेबात अगदी तरुण. खडक जितका जुना तितके त्यातून पाणी वाहण्याचे प्रसंग अधिक, आणि म्हणून चिकित्सेची खरी परीक्षा अतिप्राचीन खडकांत होते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स या टेकड्यांतील गोटेमय खडकात झिरकॉनचे कण सापडतात. त्यांतील काहींचे वय ४४० कोटी वर्षांच्या घरात जाते. झिरकॉन स्वतः चुंबकीय नाही, पण त्याच्या पोटात मॅग्नेटाइटचे बिंदू अडकलेले असतात. जॉन टार्डुनो व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्यांच्या आधारे असा दावा केला की सुमारे ४२० कोटी वर्षांपूर्वीदेखील पृथ्वीला चुंबकीय क्षेत्र होते. दावा साधा नव्हता. सूर्यवाऱ्याच्या माऱ्यापासून वातावरणाला मिळणारे संरक्षण, पाण्याचे टिकणे, जीवसृष्टीचा प्रारंभ, पृथ्वीच्या गाभ्याचे थंड होणे, हे सर्व प्रश्न त्या तारखेशी बांधलेले आहेत.

त्याच वर्षी बेंजामिन वाइस व सहकाऱ्यांनी या कणांना धारण करणारे खडकच मोठ्या प्रमाणावर पुनर्चुंबकित झालेले असल्याचे मांडले. गोट्यांची कसोटी येथे दोन्ही पक्षांनी वापरली आणि दोघांना वेगवेगळी उत्तरे मिळाली. ग्रॅहॅम यांनी दिलेले हत्यारही शेवटी कोणते नमुने निवडले यावर अवलंबून असते, ही गोष्ट त्यामुळे उघड झाली. २०१८ मध्ये वाइस यांच्या गटाने आणि २०१९ मध्ये टँग व सहकाऱ्यांनी झिरकॉनच्या आतील चुंबकीय कण सूक्ष्मदर्शकाने तपासले. त्यांतील मॅग्नेटाइट मागाहून, स्फटिकातील भेगा व दोषांच्या वाटेने शिरलेल्या द्रव्यातून तयार झाल्याचे त्यांना आढळले. टार्डुनो यांनी हे मान्य केलेले नाही. निवडक कणांतील मॅग्नेटाइट मूळचेच आहे, असे त्यांच्या गटाने २०२० मध्ये पुन्हा मांडले. चाळीस वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या चुनखडकांबाबत जो प्रश्न निर्णायक ठरला, म्हणजे दिशा किती स्थिर आहे हा नव्हे तर कण केव्हा जन्मला हा, तोच येथेही निर्णायक आहे. या वादात प्रस्तुत लेखकाचा कल संशय घेणाऱ्यांकडे आहे. कारण कणाच्या जन्माचा दाखला देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची असते.

या तंट्यामुळे पुढील संशोधनाची रीत बदलली. ग्रीनलंडमधील इसुआ येथील सुमारे ३७० कोटी वर्षांच्या लोहयुक्त थरांवर क्लेअर निकोल्स व सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात क्षेत्राची तीव्रता किमान १५ मायक्रोटेस्ला असावी हा निष्कर्ष येतो. पण तेथवर पोहोचण्यापूर्वी हे खडक केव्हा केव्हा तापले आणि त्यांतील खनिजे केव्हा घडली याचा दीर्घ हिशेब द्यावा लागला आहे. निष्कर्षाच्या शब्दयोजनेतही ‘शक्य’ हा शब्द शीर्षकापासून जपून वापरला आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियातीलच पिलबारा प्रदेशात मात्र या इतिहासाने वेगळे वळण घेतले. तेथील सुमारे ३२५ कोटी वर्षांपूर्वीचे बेसाल्ट समुद्रतळावर पसरले आणि लगेचच तेथल्या उष्ण झऱ्यांच्या पाण्याने भिजून त्यांचे रासायनिक रूप पालटले. हार्वर्डमधील ॲलेक ब्रेनर, रॉजर फू व सहकाऱ्यांनी या पाण्याने घडवलेल्या लोह-खनिजांनाच साक्षीला बोलावले. पाणी लाव्ह्याच्या पाठोपाठ, त्याच काळात वाहिले हे इतर भूशास्त्रीय पुराव्यांवरून ठरवता येत होते. तेव्हा त्याने लिहिलेली नोंदही त्याच काळाची मानता आली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून ३२५ कोटी वर्षांपूर्वी भूखंड सरकत होते एवढेच नव्हे, तर त्या काळी भूचुंबकीय क्षेत्राची दिशा उलटत होती याचाही तोवरचा सर्वांत जुना पुरावा मिळाला, आणि तो ज्या कणांतून मिळाला ते सर्व कण लाव्ह्याचे नसून पाण्याचे होते.